आठ नंबरचे पाय

माझे पाय मोठे आहेत. लांबीला आठ नंबर, आणि रुंदीला दुकानात नंबरच नसतो म्हणून सांगता येत नाही. बोटं एकमेकांपासून फटकून वागणारी, टाच चपटी, उजवा पाय डाव्याहून कणभर मोठा. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या लग्नाच्या वेळी घरच्यांनी ते लपवायचा फार खटाटोप केला होता आणि मला त्याचा अजून राग येतो.

माहेर काटोलकडचं. संत्र्याची बाग, थोडी कपाशी. चौदाव्या वर्षापर्यंत चप्पल घातली ती फक्त शाळेतल्या झेंडावंदनाला. काळ्या मातीत अनवाणी वाढलेला पाय आपल्या मर्जीनं पसरतो. पहिलं स्थळ आलं तेव्हा आईनं मला साडी जमिनीवर लोळेल अशी नेसवली. त्यांच्यातल्या एका बाईनं मला चालायला लावलं, मग सरळ पुढे होऊन माझ्या निऱ्या वर उचलल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पाय त गडीमाणसावानी हायेत पोरीचे." ते स्थळ गेलं. दुसऱ्या स्थळाच्या वेळी आईनं दोन नंबर लहान चपला आणून माझे पाय त्यात कोंबले. तेही गेलं, कारण मी लंगडते असं त्यांना वाटलं.

तिसरं स्थळ नागपूरचं, महाल भागातलं. मुलाची आई बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होती. माझे कान तापले. मग ती म्हणाली, "पायानं काय भाकरी थापा लागते?" आणि लग्न ठरलं. सासूबाईंची ही गोष्ट मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे आमचं जे झालं त्यात त्या तितक्याशा चांगल्या दिसणार नाहीत.

लग्नानंतर मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली. ट्रंक बोर्डासमोर कानाला हेडफोन लावून आठ तास बसायचं आणि अमरावतीला मुंबई, मुंबईला रायपूर जोडून द्यायचं. यांची नोकरी हिंगण्याच्या कारखान्यात, फिटरची. कंपनीची बस चौकातून यांना उचलायची. दोन मुली झाल्या. बारा वर्षं गेली. त्या बारा वर्षांत मी बायकांच्या दुकानातल्या निमुळत्या चपला घालत राहिले. टाच मागून बाहेर लोंबायची, करंगळी पट्ट्याखाली चेंगरायची, आणि हे असंच असतं असं मी धरून चालले होते.

तेहतिसाव्या वर्षी एका सकाळी माझी सिटी बस सुटली. पहिल्या पाळीला उशीर झाला की हजेरीवर लाल शेरा पडायचा. मी चपला हातात घेतल्या, पदर कमरेला खोचला आणि बसच्या मागे धावले. बस काही मिळाली नाही. पण पुढच्या थांब्यावर उभं राहून दुसरीची वाट बघायची, तर मी थांबलेच नाही. महालातून सीताबर्डीपर्यंत तशीच धावत गेले. लोक बघत होते, एक रिक्षावाला "काय झालं गा, कोण आजारी हाये?" असं शेजाऱ्याला विचारत होता. मी बोर्डासमोर बसले तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या. आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी पहिल्या तीन कॉलना चुकीचं शहर जोडून दिलं.

तेव्हापासून मी सकाळी धावायला लागले. उजाडता उजाडता शुक्रवारी तलावाला दोन फेऱ्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काहून वं, कोण मांगं लागलं तुह्या?" चौथ्या दिवशी त्यांनी विचारणं सोडून दिलं. स्वयंपाक वेळेवर होत होता, एवढं त्यांना पुरे होतं.

अडचण जोड्यांची झाली. अनवाणी मातीत धावणं वेगळं आणि डांबरावर धावणं वेगळं. मी बाजारातून पांढरे कॅनव्हासचे जोडे आणले, मुलींच्या शाळेत पीटीला घालतात तसले, बायकांच्या मापातला सगळ्यात मोठा नंबर. पंधरा दिवसांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. महिन्याभरात डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरायला लागला. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "धावणं बंद करा. बायकांच्या गुडघ्यांना ते मानवत नाही."

बाहेर बाकावर एक क्रिकेट खेळणारा तरुण बसला होता, गुडघ्याला पट्टी बांधून. मी विचारलं, "त्यांनाही खेळणं बंद करायला सांगणार का?"

"त्यांची गोष्ट वेगळी आहे."

"गुडघा तर तोच असतो ना, डॉक्टर?"

त्यांनी मलम लिहून दिलं. मलम मी लावलं. धावणं बंद केलं नाही. पण दुखत होतं हेही खरं, आणि ते गुडघ्यामुळे नसून जोड्यांमुळे आहे, हे मला कोणी न सांगता कळत होतं. त्या कॅनव्हासखाली तळच नव्हता. खडा पायाखाली आला की त्याचा आकार सांगता यायचा.

म्हणून मी सीताबर्डीवरच्या एका मोठ्या जोड्यांच्या दुकानात गेले. काचेत जाड तळाचे जोडे मांडले होते, तेव्हा नुकतेच यायला लागले होते. विक्रेता माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "बहनजी, लेडीज में इतना बड़ा नंबर आताच नहीं."

"मग जेन्ट्समधले दाखवा."

"भाईसाब को साथ ले आते तो नाप मिल जाता."

"नाप इथंच आहे," मी म्हटलं आणि स्टुलावर पाय ठेवला.

त्यानं खोके काढले. मी घरून धावतानाचे जाड मोजे पिशवीत नेले होते, ते चढवले. पहिला जोडा घातला. तो म्हणाला, चलके देखो. दुकानात सतरंजी पसरली होती. तिच्यावर चालून काय कळणार? "मला चालायला नको आहेत, धावायला पाहिजेत," असं म्हणून मी दुकानाबाहेर पडले आणि भर सीताबर्डीच्या रस्त्यावर, साडी घोट्याच्या वर धरून, पानठेल्यापर्यंत पळत गेले. मागून गल्ल्यावरचा मालक ओरडला, "अरे देखो, बाई जूते लेके भागी!" दोन माणसं माझ्या मागे निघालीसुद्धा. मी पानठेल्याला वळसा घालून परत येताना त्यांच्याच अंगावर गेले. तोवर विक्रेत्यानं मालकाला माझी पर्स आणि चपला दाखवल्या होत्या.

मालक रागानं लाल झाला होता. मी त्याला म्हटलं, "टाच सरकते आहे. दुसरा दाखवा."

अशा पाच जोड्या मी त्या दिवशी पानठेल्यापर्यंत पळवल्या. शेवटी शेवटी रस्त्यावर पंधरा-वीस माणसं उभी होती. एका जोडीत बोटांना जागा होती पण टाच आत घसरत होती. दुसरी हातानं दाबली तर मऊ लागायची, पण धावलं की तळ दबून संपायचा आणि खाली तेच डांबर. तिसरीत करंगळी चेपत होती. "दो दिन में ढीला हो जाएगा," विक्रेता म्हणाला. मी विचारलं, "जोडा ढीला होईल की माझं बोट?" आजूबाजूचे हसले. तो पण हसला. वाईट माणूस नव्हता तो. पाचवी जोडी काढून मी त्याच्या हातात दिली आणि काहीही न घेता बाहेर पडले. मालक मागून काहीतरी बोलला. बारा वर्षं मी न बसणाऱ्या चपला निमूट घेत आले होते. न घेता दुकानाबाहेर पडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

महालात आमच्या चौकात एक चांभारकाका बसायचे. मी कॅनव्हासचे जोडे त्यांच्यापुढे टाकले आणि आत स्पंज घालून द्या म्हटलं. त्यांनी जोडा उलटा करून वाकवला. "ताई, याच्यात स्पंज टाकला त चार दिवसात त्याचा पापड होईन. तुमाले वेगळं रबर पाहिजे. बाजारात नाई भेटत ते." मग ते थोडे घुटमळले. "माहा साळा बनवते तशा चपला. महारोग्याच्या दवाखान्यात. तुमाले चालन का तिथं जायले?"

त्या काळात तो शब्द ऐकला की लोक पाय मागे घ्यायचे. मीही काही वेगळी नव्हते. चार-पाच दिवस मी नुसता विचार करत होते. मग रविवारी बस पकडून गेले.

दवाखाना शहराबाहेर होता. मागच्या अंगाला कडुलिंबाची झाडं, मोकळं अंगण आणि एक टिनाची शेड. शेडमध्ये शिलाई मशीन, पायांचे लाकडी साचे आणि भिंतीला टेकवलेली काळ्या रबराची जाड पानं. मी एका पानावर बोट दाबलं. ते दबलं, आणि बोट काढल्यावर हळूच वर आलं.

कारागीर पन्नाशीचे असतील. उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळलेली होती आणि आरी ते अंगठा आणि तळव्याच्या मध्ये धरायचे. ते स्वतः कधीकाळी इथलेच रोगी होते, बरे होऊन इथेच काम करत होते. मी माझं काम सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक कागद काढला आणि पाय धरायला हात पुढे केला.

मी पाय मागे घेतला.

अगदी थोडासा. पण त्यांनी पाहिलं. चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी कागद जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "तुमीच ठेवा पाय कागदावर. मी नाई लावत हात."

माझ्या निऱ्या उचलणाऱ्या बाईचा मला तेरा-चौदा वर्षं राग होता. त्या क्षणी मला माझा त्याहून जास्त राग आला. मी पाय उचलला. वयानं मोठ्या माणसाच्या हातात पाय द्यायचा, याचा एक वेगळाच संकोच होता. मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि पाय त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "तुम्हीच घ्या माप. मला काय समजतं त्यातलं?"

त्यांनी तळव्याला शाई लावली आणि मला कागदावर उभं केलं. ठसा उमटला. काही ठिकाणी काळाकुट्ट, काही ठिकाणी फिका. "हे पाहा. अंगठ्याच्या खाली अन् टाचेच्या या बाजूले सारा भार पडून राहिला. इथं मऊ पाहिजे. बाकी ठिकाणी नाई दिलं तरी चालते."

मी विचारलं, न सांगता कसं कळतं तुम्हाला?

"आमच्या लोकायले दुखतच नाई ना, ताई. पाय बधिर असते. जोडा चावला त त्यायले समजत नाई, जखम झाल्यावर समजते. त्यायले विचारून उपयोग नाई, मले पायच पाहा लागते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले दुखते, हे चांगलं हाये. जिथं दुखते तिथं बोट ठेवा अन् सांगा. लाजू नका."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला, कुठे दुखतं ते सांग, असं म्हणत होतं. मी सांगत सुटले. करंगळी, अंगठ्याचं नख, टाचेची मागची कड, उजवा पाय मोठा. ते सगळं कागदावर खुणा करून लिहीत होते.

त्यानंतर तीन वेळा मी तिथे गेले. "पुढच्या टायमाले संध्याकाळी या, ड्युटी करून. दिवसभरात पाय फुगते. सकाळचं माप खोटं असते," असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून पहिली पाळी संपवून, घरी न जाता तशीच जायचे. पहिल्या वेळचा जोडा इतका मऊ होता की मी हरखून गेले. अंगणात धावायला लागले तर पाय आत डगमगत होता, घोटा वळता वळता राहिला. त्यांनी मान हलवली. "नुसतं मऊ कामाचं नाई." मग खाली एक कडक थर घातला, वर मऊ. दुसऱ्या वेळी पुढे बोटांना जागा कमी पडली. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, उतारावर पाय पुढे सरकतो, तेव्हा नखं वाचतात. उजव्या जोड्याला डाव्यापेक्षा थोडं जास्त माप दिलं. टाचेला मागून चामड्याची कड, घट्ट. वर जाड कापड, आणि नाड्या.

तिसऱ्या वेळी मी अंगणात दोन फेऱ्या धावले आणि मला माझ्या पायांची आठवणच झाली नाही. पाय आहेत हे विसरायला लावणारा जोडा मी तोवर घातला नव्हता. दिसायला मात्र ते फार बेढब होते. काळे, रुंद, बदकाच्या पायांसारखे.

घरी आणले तेव्हा आत्याबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "कुठून आणले वं हे?"

खोटं बोलता आलं असतं. बर्डीवरून आणले, एवढं म्हटलं असतं की विषय संपला असता. पण ज्या माणसानं माझ्या पायांना शाई लावून तीन वेळा जोडा उसवला आणि शिवला, त्याचं काम मी दुसऱ्या कोणाचं म्हणून सांगायला तयार नव्हते. मी खरं सांगितलं.

त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. "फेकून दे ते. आत्ताच्या आत्ता."

"नवे आहेत, आत्याबाई. कोणी घातलेले नाहीत. आणि तो आजार असा जोड्यांनी होत नाही, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आहे मला."

"मले नोको सांगू डॉक्टर. माह्या घरात येणार नाई ते. घरात लहान पोरी हायेत." तोवर शेजारची वहिनी दारात आली होती, तिनंही ऐकलं. रात्रीपर्यंत गल्लीला माहीत झालं.

मी जोडे ओट्यावर ठेवले. आत गेले, स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं. मग माझं ताट घेऊन बाहेर आले आणि जोड्यांच्या शेजारी ओट्यावर बसून जेवायला लागले.

"हे काय करून राहिली तू?" आत्याबाई आतून म्हणाल्या.

"जोडे बाहेर तर मी पण बाहेर. जोड्यांत माझेच पाय असतात."

गल्लीतून जाणारे येणारे बघत होते. मी एकेक घास सावकाश खाल्ला. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळचा चहा ओट्यावर, दुपारचं जेवण ओट्यावर. मुलींना ती सहल वाटली, त्याही ताटल्या घेऊन आल्या. आत्याबाईंनी त्यांना हाक मारून आत बोलावलं. एक गेली, एक नाही गेली.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून हे आले. मला ओट्यावर पाहिलं. आदल्या दिवशी त्यांनी काही म्हटलं नव्हतं, हे आई आणि बायकोच्या मध्ये कधीच काही म्हणायचे नाहीत. हातपाय धुतले, आत जाऊन स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच म्हणाले. आत आत्याबाई एकट्या.

थोड्या वेळानं त्या दारात आल्या. "आत या दोघं बी. लोकं पाहून राहिले." मी जोड्यांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "घे ते पण. दाराच्या मांगं ठेव. मले दिसाले नोको."

जोडे आत आले. पण मी जिंकले वगैरे काही म्हणत नाही. पुढे जितकी वर्षं त्या होत्या तितकी वर्षं, मी धावून आले की अंघोळ केल्याशिवाय त्यांनी मला चुलीकडे फिरकू दिलं नाही. शेजारच्या वहिनीनं त्या संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मी त्या वहिनीच्या दारावरून रोज सकाळी धावत गेले, आणि खरं सांगायचं तर तिच्या दारासमोर जरा जोरात पाय आपटत गेले.

त्या हिवाळ्यात शहरातल्या सरकारी ऑफिसांच्या खेळांमध्ये बायकांसाठी पहिल्यांदाच पाच किलोमीटरची शर्यत ठेवली होती. रस्त्यावरची, सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून. मी नाव दिलं. तोवर मी रोज तेवढं धावतच होते. वर्धा रोडनं पुढे, आज जिथे मनीषनगर आहे तिथे तेव्हा शेतं होती, तिथपर्यंत रविवारी जाऊन यायचे. गुडघा दुखायचा केव्हाच थांबला होता.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात खेळांचं काम बघणाऱ्या साहेबांनी आम्हा सहाजणींना बोलावलं. प्रत्येकीला पांढरा टी-शर्ट आणि पांढरे कॅनव्हासचे जोडे. सगळ्यात मोठा नंबर सहा.

"मला हे होत नाहीत, साहेब. मी माझे घालीन."

"टीम एकसारखी दिसली पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुमच्या जोड्यांबद्दल बायकांची तक्रार आहे. कुठून आणले ते मला कळलं आहे."

मी वळून पाहिलं. माझ्या शेजारच्या बोर्डावर बसणारी मैत्रीण जमिनीकडे बघत होती. जोडे कुठले ते ऑफिसात मी फक्त तिलाच सांगितलं होतं. दोन महिन्यांपासून ती आपली खुर्ची माझ्यापासून थोडी दूर सरकवून बसायची. मला वाटायचं, वाऱ्यासाठी.

"हे सहा नंबरचे जोडे माझ्या पायात घालून दाखवा साहेब, मी धावते," मी म्हटलं.

"मग तुमचं नाव कमी करावं लागेल."

"करा."

त्यांना वाटलं विषय संपला. शर्यतीच्या दिवशी सकाळी मी माझे काळे जोडे घालून तिथे हजर होते. ते धावतच आले. "तुम्हाला नंबर दिलेला नाही."

"मला नंबर नको. रस्ता तर सगळ्यांचा आहे ना?"

रस्त्यावरून दूधवाले जात होते, सायकली जात होत्या, त्यांना कोणी अडवत नव्हतं. शिट्टी वाजली. मी मुद्दाम थांबले. सगळ्या निघाल्या, शेवटची बाई पन्नास पावलं पुढे गेली, मग मी निघाले. मी कोणाला ढकललं असं नंतर कोणी म्हणायला नको होतं.

थंडी होती. पहिला किलोमीटर मी कोणालाच गाठलं नाही. मग एकेक पाठ जवळ यायला लागली. वेगवेगळ्या ऑफिसांच्या मिळून तीसेक बायका होत्या, आणि बहुतेक जणी नव्या कोऱ्या, त्याच आठवड्यात वाटलेल्या जोड्यांमध्ये. काहीजणींच्या चालण्यावरून दिसत होतं की टाच सोलली आहे. आपल्याला काय बसतं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्यांची कीव आली नाही, संताप आला, आणि तो पायांत उतरला.

तिसऱ्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला माझी ती खुर्ची सरकवणारी मैत्रीण बसलेली दिसली. जोडा काढलेला, मोजा रक्तानं भरलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी थांबले नाही. थांबायला पाहिजे होतं का, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. तिच्याजवळ दुसरी एक बाई उभी होती, पाणीही होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला थांबायचं नव्हतं.

शेवटच्या वळणावर माझ्यापुढे दोघीच होत्या. एक पोलिस खात्यातली उंच मुलगी, तिला मी गाठू शकले नसते. दुसरीला जवळजवळ गाठलं. मी तिसरी आले. कोणी लिहून घेतलं नाही. दोरीशी उभे असलेले साहेब दुसरीकडे बघत होते. पण मी दोरी ओलांडली तेव्हा त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. तिसरं बक्षीस माझ्यानंतर आलेल्या बाईला मिळालं. तिनं ते घेतलं आणि घेताना माझ्याकडे बघून जराशी ओशाळली. मी तिला टाळ्या वाजवल्या. तिची काय चूक?

सोमवारी बोर्डावर मैत्रिणीची खुर्ची होती तिथेच होती, दूर. टाचेला पट्टी. दुपारी चहाच्या वेळी ती आली आणि म्हणाली, "तुझ्या जागी मी असते, तर मीही थांबले नसते." माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "खूप लांब आहे का तो दवाखाना?" मी बसचा नंबर सांगितला. ती गेली की नाही मला ठाऊक नाही, तिच्या पायात मी कधी काळे जोडे पाहिले नाहीत. पण पुढच्या वर्षी ऑफिसनं जोडे वाटले नाहीत. ज्यानं त्यानं आपले आणावे, असा कागद लागला. साहेबांची सही होती.

शर्यतीनंतरच्या रविवारी मी जोडे दाखवायला शेडमध्ये गेले. कारागिरांनी तळ उलटा करून पाहिला, बोटानं झिजेवरून हात फिरवला. "उजवा पाय बाहीर टाकता तुमी धावताना," म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं, नाव कमी केलं ते, नंबराशिवाय धावले ते, तिसरी आले ते. ते ऐकताना त्यांचे हात थांबले होते. शेडच्या दाराशी पाच-सहा रोगी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. एक म्हातारी होती, दोन्ही पायांत त्यांनीच बनवलेल्या जाड चपला.

ती म्हणाली, "आमाले दाखव ना वं, कशी पयली ते."

मला हसू आलं. मग दिसलं की ती थट्टा करत नाहीये. त्या सगळ्या जणी वाट बघत होत्या. कारागिरांनी जोडे माझ्यापुढे ठेवले. मी नाड्या बांधल्या, पदर खोचला आणि अंगणात उतरले.

कडुलिंबाला वळसा घालून मी पहिली फेरी मारली. व्हरांड्यावर आणखी माणसं येऊन बसली. दुसऱ्या फेरीला कोणीतरी टाळी वाजवायला लागलं. वाकड्या बोटांच्या टाळीला आवाज कमी होता, पण ती थांबत नव्हती. म्हातारी खांबाला धरून उभी होती आणि मी समोरून गेले की दर वेळी ओरडत होती, "पय वं पोरी, पय! जोरानं पय!"

मी किती फेऱ्या मारल्या मला आठवत नाही. शर्यतीत धावले त्याहून जोरात धावले, एवढं नक्की.